होस्टा पुण्यात का टिकत नाही, आणि सावलीत मोठी पाने कशी वाढवावीत

परदेशी बागांची छायाचित्रे पाहणाऱ्या बागप्रेमींना एक झाड हमखास भुरळ घालते. मोठ्या वृक्षांखाली, ओलसर काळ्या मातीवर, परातीएवढ्या पानांचा घुमटासारखा गुच्छ पसरलेला असतो. पाने कधी निळसर राखी, कधी पोपटी, कधी पांढऱ्या काठाची असतात आणि प्रत्येक पानावर देठापासून टोकापर्यंत खोल शिरा उमटलेल्या असतात. हा होस्टा. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत इमारतीच्या मागच्या बाजूला सावलीचा एक पट्टा असतो, जिथे गुलाब फुलत नाही आणि मोगरा कळ्या धरत नाही, आणि तो पाहिला की ही जागा जणू होस्टासाठीच राखलेली आहे असे वाटू लागते. कोथरूडमधल्या आमच्या इमारतीमागच्या पट्ट्याकडे पाहून मलाही अनेक वर्षे तसेच वाटत होते. त्या जागेत होस्टा टिकला नाही, पण तो का टिकला नाही याचा शोध घेताना सावली, पान आणि झाडाची झोप या तीन गोष्टी मला नव्याने समजल्या, आणि आज तोच पट्टा मोठ्या पानांनी भरलेला आहे.

होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीन या देशांतला. जपानी भाषेत त्याला गिबोशी म्हणतात. तिथल्या जुन्या पुलांच्या कठड्यांवर कांद्याच्या आकाराचा जो कळस बसवलेला असतो त्याचे हे नाव, आणि होस्टाच्या कळ्यांचा तुरा तसाच दिसतो म्हणून ते झाडाला मिळाले. ‘होस्टा’ हे शास्त्रीय नाव १८१२ मध्ये लिओपोल्ड ट्राटिनिक यांनी निकोलाउस थॉमस होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावावरून दिले, आणि पुढे १८३० च्या सुमारास फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड यांनी जपानहून युरोपात आणलेल्या झाडांमुळे तो तिकडच्या बागांत पसरला. हे झाड आपल्याला वाटते तितके परके नाही. मार्केट यार्डात ढिगाने येणारी गुलछडी, माळरानावरची घायपात आणि पावसाळ्याच्या आरंभी बाजारात दिसणारी कुलीची भाजी ही सगळी होस्टाची भावंडे आहेत. जपानमध्ये होस्टाचे कोवळे कोंब ‘उरुई’ या नावाने भाजी म्हणून खाल्लेही जातात.

होस्टाच्या हजारो बागायती जाती आहेत आणि त्यांतल्या काही हाताच्या ओंजळीत मावतील इतक्या लहान असतात. मोठ्या जातींपैकी ‘एम्प्रेस वू’ ही सुमारे चार फूट उंच आणि पाच ते सहा फूट घेराची होते, तर ‘सम अँड सब्स्टन्स’ या जातीची पिवळट पोपटी पाने दीड फुटापर्यंत लांब होतात. मात्र हा आकार एका हंगामात येत नाही. मोठ्या जातीच्या होस्टाला पूर्ण रूपात यायला पाच ते सात वर्षे लागतात, आणि त्या प्रत्येक वर्षी झाडाने आदल्या वर्षापेक्षा थोडी अधिक शिल्लक जमिनीखाली साठवावी लागते. पुण्यात नेमकी हीच साखळी तुटते.

हे नीट समजण्यासाठी होस्टाचे वर्ष कसे जाते ते पाहावे लागेल. वसंतात जमिनीतून टोकदार कोंब वर येतात आणि काही आठवड्यांतच सगळी पाने उलगडतात. उन्हाळाभर ही पाने अन्न तयार करतात आणि ते जमिनीलगतच्या जाड गड्ड्यात व मुळांत साठत जाते. थंडी सुरू झाली की पाने पिवळी पडून गळतात, झाड पूर्ण अदृश्य होते आणि गड्ड्यावर पुढच्या वर्षाचे डोळे झोपी जातात. या झोपेला एक कुलूप असते. थंडीतला एखादा उबदार दिवस पाहून डोळा फुटला आणि मागून बर्फ पडले तर कोंब मरून जाईल, म्हणून पुरेशी थंडी भोगल्याशिवाय डोळा जागाच होत नाही. ४ ते ५ अंश सेल्सियस किंवा त्याखालच्या तापमानाचे मिळून ६०० ते ७०० तास लागतात, असा जाणकारांचा सर्वसाधारण अंदाज आहे. सफरचंद, चेरी आणि ट्युलिप यांनाही अशीच थंडी लागते, आणि त्यामुळेच यांच्या नेहमीच्या जाती आपल्याकडे फुलाफळाला येत नाहीत.

आता पुण्याचा हिशेब करू. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे किमान तापमान सरासरी ११-१२ अंश असते. एखाद्या कडाक्याच्या लाटेत ते ७-८ अंशांपर्यंत उतरते, पण तेही सूर्योदयापूर्वीच्या दोन-तीन तासांपुरतेच, कारण त्याच दिवशी दुपारी पारा २८-३० अंशांवर गेलेला असतो. म्हणजे ५ अंशांखालचे ६०० तास तर दूरच, संपूर्ण हिवाळ्यात असे पाच-सहा तास मिळणेही कठीण. होस्टाला झोप लागते, पण ती पुरी होत नाही. मार्चमध्ये काही डोळे अर्धवट जागे होतात आणि पाने येतात, मात्र ती आदल्या वर्षापेक्षा कमी आणि लहान असतात. त्यात आपल्या एप्रिल-मेच्या रात्रीही उबदार असतात, आणि रात्र जितकी उबदार तितके झाड स्वतःच्या श्वसनावर दिवसा कमावलेले अन्न अधिक खर्च करते. कमाई घटलेली आणि खर्च वाढलेला, अशा अवस्थेत गड्डा दरवर्षी आक्रसत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुंडीत काहीच उगवत नाही. पाणी कमी पडले किंवा खत चुकले असे वाटून माणूस स्वतःला दोष देतो, पण बहुतेक वेळा चूक त्याची नसते.

यावर एक उपाय सांगितला जातो आणि तो निराधार नाही. कुंडीतल्या होस्टाची पाने डिसेंबरमध्ये पिवळी पडली की गड्डा काढून, किंचित दमट कोकोपीटमध्ये गुंडाळून, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवायचा आणि मग पुन्हा लावायचा. हे करायचेच असेल तर गड्डा बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये आणि पिकणाऱ्या फळांजवळही ठेवू नये, कारण फळांतून निघणारा इथिलीन वायू झोपलेल्या डोळ्यांना अपाय करतो. त्यासाठी जातही विचारपूर्वक निवडावी: चीनमधून आलेली, सुवासिक पांढऱ्या फुलांची ‘प्लांटाजिनिया’ ही प्रजाती सर्व होस्टांमध्ये उष्णता सर्वाधिक सोसणारी मानली जाते. निळ्या पानांच्या जातींच्या मागे मात्र लागू नये. तो निळा रंग पानावरच्या मेणाच्या पातळ थराचा असतो आणि आपल्याकडच्या उन्हात तो थर लवकर विरून खाली साधे हिरवे पान उरते. हा प्रयोग एखाद्या लहान कुंडीपुरता ठीक आहे. चार फुटी झाडाचा गड्डा दरवर्षी उकरून फ्रिजमध्ये ठेवणे मात्र शक्य नाही, आणि दरवर्षी उकरलेले झाड मोठेही होत नाही.

इथेच एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. इंटरनेटवर ‘निळ्या होस्टाच्या बिया’ किंवा ‘इंद्रधनुषी होस्टाच्या बिया’ शेकड्याने विकल्या जातात. मीही एका विक्रेत्याकडून त्या मागवल्या होत्या आणि कुंडीत जे उगवले ते साधे तण होते. बिया खऱ्या असत्या तरी उपयोग नव्हता, कारण होस्टाच्या बागायती जाती बियांपासून हुबेहूब येत नाहीत. त्यांची वाढ गड्डा फोडून किंवा प्रयोगशाळेतल्या ऊतिसंवर्धनानेच केली जाते. छायाचित्रातला गडद शाईसारखा निळा होस्टा तर अस्तित्वातच नाही.

होस्टाचा प्रश्न असा थंडीपाशी अडतो. पण त्याच्या जागी दुसरे काही लावण्याआधी मोठे पान म्हणजे नेमके काय, हे पाहणे आवश्यक आहे, कारण थंडीची अट नसलेली मोठ्या पानांची झाडेही पुण्यात एप्रिलमध्ये काठांवर करपतात. सावलीत प्रकाश कमी, म्हणून तो गोळा करायला झाड पान रुंद आणि पातळ करते. हा लाभ असतो, पण त्याची किंमतही मोजावी लागते. प्रत्येक पानाच्या पृष्ठभागाला हवेचा एक स्थिर, पातळ थर चिकटलेला असतो आणि पान जितके रुंद तितका हा थर मधल्या भागात जाड होत जातो. त्यामुळे रुंद पानातली उष्णता वाऱ्याबरोबर सहज निघून जात नाही आणि पानाला स्वतःला थंड ठेवण्यासाठी पाणी बाष्परूपाने सोडण्यावरच अवलंबून राहावे लागते. मुळांकडून पाणी येण्याचा वेग कमी पडला की शिरांच्या शेवटच्या टोकांना, म्हणजे पानाच्या काठांना, सर्वांत आधी फटका बसतो. दुपारच्या उन्हात चिंचेच्या पर्णिकेला आणि अळूच्या पानाला हात लावून पाहिल्यास हा फरक बोटांना कळतो.

दख्खनच्या पठारावरच्या मूळच्या झाडांनी या अडचणीवर दोन उत्तरे शोधलेली दिसतात. बाभूळ, हिवर आणि खैर यांनी पानाचे बारीक बारीक तुकडे केले. साग आणि पळस यांनी पाने मोठी ठेवली, पण कोरड्या दिवसांत ती गाळून टाकली. सह्याद्रीतल्या कंदवर्गीय वनस्पतींनी तर दुसरे उत्तर शेवटापर्यंत नेले: पाऊस संपला की रानहळद, शेवळ आणि भुईचाफा जमिनीवरून पूर्णपणे नाहीसे होतात. होस्टाही जमिनीखालीच झोपतो. फरक एवढाच की त्याला झोपवते आणि उठवते ती थंडी, तर आपल्या कंदांना झोपवतो कोरडेपणा आणि उठवते ती उष्णता व ओल. ज्या खुणा पुण्याच्या हवेत दरवर्षी न चुकता मिळतात त्यांवर जागी होणारी मोठ्या पानांची झाडे निवडणे, हा माझ्या मते या प्रश्नाचा खरा तोडगा आहे.

त्यातही भुईचाफ्याला मी पहिला मान देईन. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उष्ण भागांत होस्टा टिकत नाही, तेव्हा तिथले बागकर्मी ज्या वनस्पतीला ‘दक्षिणेचा होस्टा’ म्हणतात ती म्हणजे केम्फेरिया, आणि आपला भुईचाफा हा त्याच कुळीतला. त्याच्या पानांवर रुपेरी-हिरवी नक्षी असते, खालची बाजू जांभळट असते, आणि पाने येण्याआधीच उन्हाळ्यात कोरड्या मातीतून त्याची सुवासिक पांढरी-जांभळी फुले वर येतात. उंची फुटा-दीड फुटाची असल्याने तो कडेला शोभतो. त्यामागे हळद लावावी. हळदीकडे आपण पीक म्हणून पाहतो, पण अर्धवट सावलीत तिची दोन-दोन फुटांची, ठळक शिरांची पाने होस्टाच्या जितकी जवळ जातात तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाची जात असतील. शिवाय गौरी-गणपतीच्या दिवसांत पातोळ्यांसाठी पान हाताशी असते. अक्षय तृतीयेच्या सुमारास कंद लावले की जूनच्या पावसात पाने पुरी उलगडतात. रानहळद आणि शेवळ यांचे कंद मात्र ताम्हिणीतून किंवा सिंहगडाच्या उतारावरून उकरून आणू नयेत. जंगलातला कंद एकदा गेला की ती जागा भरून यायला अनेक पावसाळे लागतात.

खरोखर प्रचंड पान हवे असेल तर अळूच्या कुळाकडे वळावे. अलोकेशियाच्या, म्हणजे शोभेच्या अळूच्या, मोठ्या प्रजातींचे एक पान तीन फुटांपर्यंत जाते आणि होस्टातला कोणताही विक्रम त्यापुढे लहान ठरतो. स्वयंपाकाचा अळूही सावलीत, भरपूर ओलीत, सुपाएवढा होतो. फदफद्याच्या अळूतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतातच, आणि म्हणून आपण चिंच घालून तो नीट शिजवतो; अलोकेशियात ते अधिक तीव्र असल्याने शोभेचा अळू कधीही खाऊ नये आणि लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात तो हाताच्या अंतरावर लावू नये. मॉन्स्टेरा, मोठ्या पानांचे फिलोडेंड्रॉन आणि पीस लिली ही झाडे बारमाही हिरवी राहतात, त्यामुळे कंद झोपी गेल्यावर हिवाळ्यात जागा उघडी पडत नाही. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर ते उरुळी कांचन या पट्ट्यातल्या रोपवाटिकांत ही सगळी सहज मिळतात.

झाडांइतकाच सावलीचा अभ्यास महत्त्वाचा आहे आणि त्यात पुण्याचे स्थान एक मोठा पेच निर्माण करते. परदेशी पुस्तके सावलीची झाडे इमारतीच्या उत्तरेला लावायला सांगतात, कारण जपान, युरोप आणि अमेरिका या भागांत दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेच्या मध्यास शून्य सावलीच्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरमध्ये दहा मीटर उंचीची इमारत भर दुपारी उत्तरेला सुमारे नऊ मीटर लांब सावली टाकते. मेअखेरीस त्याच जागी दुपारी सावलीच नसते. त्यातही एप्रिलपासून सूर्य पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला उगवतो-मावळतो, म्हणून उत्तरेच्या भिंतीवर संध्याकाळचे तिरपे ऊन पडते. हिवाळ्यात जागा पाहून ‘इथे कायम सावली आहे’ असे ठरवलेल्या माणसाची झाडे एप्रिलमध्ये करपतात ती याच कारणाने. माझीही करपली होती.

म्हणून जागा ठरवण्यापूर्वी ती एप्रिल-मेमध्ये एकदा दिवसभर पाहावी. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, कारण भर दुपारच्या एक लाख लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाशातून आंब्याखालच्या दोन-तीन हजार लक्समध्ये आलो तरी डोळा क्षणात जुळवून घेतो आणि फरक जाणवत नाही. त्यापेक्षा पांढरा कागद जमिनीवर ठेवून त्याच्या फूटभर वर हात धरावा. सावलीच्या कडा धारदार दिसल्या तर ऊन जास्त आहे. कडा पुसट पण बोटे ओळखू येत असतील तर हळद, भुईचाफा आणि अळू यांना ती जागा उत्तम. सावली दिसतच नसेल तर तिथे पीस लिलीसारखे फार कमी प्रकाशावर भागवणारे झाडच लावावे. पश्चिमेकडून ऊन येत असल्यास मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत त्या बाजूला पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट उभी बांधावी.

झाडाची सावली हवी असेल तर झाड कोणते, हेही पाहावे. जपानच्या डोंगरांत पानझडीचे वृक्ष वसंतात होस्टाला ऊन देतात आणि उन्हाळ्यात सावली धरतात. आपल्याकडचे बरेच पानझडी वृक्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन तापायला लागते तेव्हाच निष्पर्ण होतात, त्यामुळे शिरीषाखालचा वाफा नेमका चुकीच्या वेळी उघडा पडतो. आंबा, बकुळ आणि सीता-अशोक यांची सावली बारमाही असते. एम्प्रेस गार्डनमधल्या जुन्या वृक्षांखाली एप्रिलच्या दुपारी थोडा वेळ उभे राहिल्यास अशा सावलीतली हवा किती वेगळी असते ते अंगाला कळते. मात्र आंब्याखालच्या मातीत त्याच्या मुळांचे जाळे असते आणि तिथे लावलेल्या झाडाला पाणी मिळण्याआधीच ते आंबा पिऊन टाकतो. अशा ठिकाणी जाड मुळे न तोडता सोळा-अठरा इंची कुंड्या जमिनीवरच ठेवणे सर्वांत सोपे.

मातीचे फार सांगण्यासारखे नाही. काळी माती एकटी वापरू नये, कारण पावसाळ्यात ती पाणी धरून कंद कुजवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात निम्म्याहून अधिक कुजलेला पालापाचोळा आणि थोडे शेणखत मिसळावे. सोसायटीच्या आवारातला जो पाला गोळा करून जाळला जातो, तो एका जाळीच्या पिंपात ओलसर ठेवला तर वर्षभरात त्याचे उत्तम खत होते, आणि वाफ्यावर दोन-तीन इंच पसरलेला सुका पाला मे महिन्यात अर्धे पाणी वाचवतो. पाणी सकाळी आणि खोलवर द्यावे. बोअरवेलचे जड पाणी सतत वापरल्यास क्षार साठून पानांचे काठ तपकिरी होतात. ते ऊन लागल्यासारखेच दिसतात, पण सावली वाढवून बरे होत नाहीत, तेव्हा पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून क्षार धुऊन जाऊ द्यावेत.

होस्टाचा जगभरातला सर्वांत मोठा शत्रू गोगलगाय आहे आणि ती आपल्यालाही सोडत नाही. आफ्रिकेतून आलेल्या शंखी गोगलगायीने २०२२ च्या खरिपात लातूर-बीड भागात कोवळ्या सोयाबीनचा फडशा पाडला होता. पुण्यातल्या बागांतही ती पहिल्या पावसानंतर बाहेर पडते आणि हळदीच्या कोवळ्या गुंडाळीला एकदा भोक पाडले की पान उलगडताना त्याची ओळच्या ओळ उमटते. संध्याकाळी वाफ्यात ओले गोणपाट टाकून ठेवावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात व मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ मातीवर टाकू नये.

ऑक्टोबरनंतर हळद आणि भुईचाफा यांची पाने पिवळी पडू लागली की नव्या माणसाची धांदल उडते, आणि तो पाणी व खत वाढवतो. तेव्हा नेमके उलट करायचे असते. पाणी हळूहळू तोडावे, पाने पूर्ण वाळू द्यावीत म्हणजे त्यांतले अन्न कंदात उतरेल, आणि कुंड्या जिन्याखाली किंवा भिंतीच्या आडोशाला कोरड्या ठेवाव्यात. चार-पाच महिने त्या कुंडीत नुसती माती दिसते, म्हणून प्रत्येकीत नाव लिहिलेली एक काडी अवश्य खोचावी. आमच्याकडे एकदा घर आवरताना कोणीतरी रिकामी समजून भुईचाफ्याची कुंडी कचऱ्यात ओतली होती. मेच्या पहिल्या वळवाच्या सरीनंतर त्या काडीच्या शेजारी पाहत राहावे.